बाण, गोल आणि साळुंखे काका

सांगलीला बदली होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी नव्या घराच्या हॉलचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. पडदे लावून झाले होते, खोकी दिसेनाशी झाली होती, म्हटलं ओळख करून द्यावी. ‘नमस्कार, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो आहोत,’ असं खाली लिहिलं. उत्तरादाखल बरेच जोडलेले हात आले, गुलाबाची फुलं आली. आणि थोड्या वेळानं माझाच फोटो मला परत आला. त्यावर छताच्या कोपऱ्यात, पंख्याच्या पलीकडं, लाल रंगाचा एक गोल काढलेला होता. गोलाकडं जाणारा बाण होता, आणि बाणाच्या शेपटीशी लिहिलं होतं, ‘इथं गळणार. आत्ताच बघून घ्या.’ त्याखाली त्या दिवसाची तारीख आणि ‘फोटो पूर्वेकडून’. पाठवणाऱ्याचं नाव दत्ता साळुंखे, तळमजला.

मला रागच आला. कोण हा माणूस, ओळख ना पाळख, आमच्या छताला नावं ठेवतोय! महिन्याभरात वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचं पाणी बरोबर त्या गोलातून खाली उतरलं. मी तळमजल्यावर गेले. दार सताड उघडं होतं. पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि बनियन घातलेले एक उंचीनं बेताचे, अंगानं भरलेले गृहस्थ खुर्चीत बसून मांडीवरच्या टॅबवर बोट फिरवत होते. चष्मा काळ्या दोरीनं गळ्यात लटकत होता.

‘‘काका, तुम्ही कसं ओळखलंत?’’

‘‘वळखलं न्हाई. कोपऱ्यात जरा काळपट दिसलं. आमी आयुष्यभर काळं-पांढरंच बघत आलो, तेवढंच कळतंय.’’

आतून काकू म्हणाल्या, ‘‘आवं, तिला बसा तरी म्हणा. का तिच्यावर बी बाण काढताय?’’

साळुंखे काका मूळचे उंब्रजजवळच्या एका खेड्यातले. थोरले दोघे भाऊ सैन्यात गेले, तिसऱ्यानं ऊस बघितला. काका सैन्यात जायला गेले ते उंचीत बसले नाहीत. कुणीतरी सांगितलं म्हणून सांगलीला आले आणि एका इस्पितळात एक्सरे काढायला शिकले. निवृत्त होईपर्यंत तिथल्या एक्सरेच्या खोलीतच काम करत राहिले. माणसाला प्लेटसमोर उभं करायचं, ‘श्वास घ्या, धरून ठेवा’ म्हणायचं आणि प्लेटच्या कोपऱ्यात शिशाचं एक अक्षर ठेवायचं. डावा असेल तर एल, उजवा असेल तर आर. एक्सरेवर पाय नुसता पाय असतो, डावा की उजवा हे त्या अक्षरावरून कळतं.

लोक त्यांना विचारत, ‘काका, एवढं खुणांचं वेड तुम्हाला कुठून लागलं? काही घोटाळा झाला होता का कधी?’ ऐकणाऱ्याला एखादी भयंकर हकिकत हवी असे. काका मान हलवत. ‘‘काय न्हाई झालं. खूण हुती म्हणून न्हाई झालं.’’

निवृत्तीनंतर लेकीनं, वैशालीनं, त्यांना टॅब घेऊन दिला. दुसरे लोक त्यावर कीर्तन ऐकतात, पत्ते खेळतात. काकांना फोटोवर लिहिता येतं एवढं कळलं आणि बाकीचा टॅब त्यांच्या लेखी संपला. ग्रुपवर आलेला प्रत्येक फोटो ते उघडत, बोटांनी मोठा करत, आणि त्यात जे सांगायचं राहून गेलंय असं त्यांना वाटे ते लिहून परत पाठवत. कुणी सूर्यास्त टाकला तर ‘हा सूर्योदय असावा, सावल्या बघा.’ कुणी घरच्या पुरणपोळीचा फोटो टाकला तर एका पोळीला गोल, ‘ही करपली.’ बोट जाड, नख रुंद, त्यामुळं अक्षर ओबडधोबड यायचं. पण तारीख, जागा आणि कुठल्या दिशेनं फोटो काढलाय हे लिहिल्याशिवाय त्यांच्या हातून फोटो सुटत नसे.

मग त्यांना शिक्क्यांची साइट सापडली. तिथं फोटो चढवायचा, गोल किंवा चौकोनी शिक्का निवडायचा, मध्ये आपली अक्षरं घालायची, की सरकारी कचेरीतला असावा तसा जांभळा शिक्का फोटोवर तिरका बसतो. साइट इंग्रजीत होती. ती कशी चालवायची ते मी एकदा दाखवलं आणि त्याबद्दल काकूंनी मला पुष्कळ दिवस माफ केलं नाही. काकांनी विचार करकरून तीनच शिक्के तयार केले. ‘खरा’, ‘इथला नाही’ आणि ‘माहीत नाही’. सर्वांत जास्त वापर तिसऱ्याचा होई. औषधी पाल्याचा फोटो आला, ‘माहीत नाही’. कुठल्याशा देवळात मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी आलं, ‘माहीत नाही’.

‘‘काका, माहीत नसेल तर गप्प बसावं ना. शिक्का कशाला?’’ मी एकदा म्हटलं.

‘‘गप बसलो तर लोकांना वाटतंय, म्हाताऱ्यानं बगितला, काय बोलला न्हाई, म्हंजी खरा असंल.’’

या तिसऱ्या शिक्क्यापायी एकदा घरात चांगलंच वादळ झालं. काकूंच्या भाचीचं लग्न मेढ्याला होतं. लग्नानंतर दोन्हीकडच्या माणसांचा मांडवातला मोठा फोटो पाहुण्यांच्या ग्रुपवर आला. काकांनी दोन दिवस बसून एकेका डोक्यावर नाव लिहिलं. वरमाय, करवली, मागच्या रांगेतला आचारीसुद्धा. फक्त मधोमध, गुलाबी फेटा बांधून, मिशीला पीळ देऊन बसलेल्या एका गृहस्थांच्या छातीवर जांभळा शिक्का बसला, ‘माहीत नाही’. ते नवऱ्या मुलाचे थोरले मामा निघाले. फोन आला तेव्हा मी तिथंच बसले होते. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

‘‘सबंध मांडव वळखतोय आमाला, आन तुमी माहीत न्हाई म्हणताय?’’

‘‘आवं, तुमची-आमची भेट झालीच न्हाई. तुमी आलासा तवा आमी पंगतीला बसलो हुतो. आमी उठलो तवा तुमी बसला.’’

‘‘मग इचारायचं कुणाला तरी!’’

‘‘इचारून लिवलं तर ते त्यांचं माहीत असणं झालं. आमाला कुठं माहीत हाय?’’

काकू डोक्याला हात लावून बसल्या. पण मामाही खमके. पुढच्या आठवड्यात ते खास यासाठी सांगलीला आले, फेटा बांधूनच. काकांनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि काय काय विचारायचं ते सगळं विचारलं. मामा लडाखला होते, बर्फात त्यांच्या पायाचं एक बोट गेलं होतं, आता मेढ्याला नाचणी आणि भात करत होते. संध्याकाळी दोघं हातावर टाळ्या देत हसत होते. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मामांचा एकट्याचा फोटो आला. नाव, गाव, ‘सैन्यातून निवृत्त, लडाख, तंबाखू सोडली आहे’. शिक्का ‘खरा’. मामांनी तोच फोटो आपल्या फोनवर लावला आणि अजून बदललेला नाही, असं काकू सांगतात.

या माणसाकडं आम्ही सगळे असं हसत हसत बघत होतो. त्या उन्हाळ्यात मात्र हसणं थांबलं.

मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे निरोप तेव्हा सगळ्या ग्रुपांवर येत होते. आमच्याकडं एक फोटो आला. खांद्यावर मोठं गाठोडं घेतलेला, दाढी वाढलेला एक माणूस, आणि खाली, ‘हा सांगलीत आहे, मुलं पोत्यात घालतो, दिसला तर सोडू नका.’ काकांनी तो फोटो मोठा करून बघितला. मागच्या बाजूला उभ्या असलेल्या लोकांभोवती त्यांनी गोल काढले. ‘ह्यांच्या अंगात स्वेटर आहेत. आपल्याकडं वैशाख चालू आहे.’ आणि शिक्का, ‘इथला नाही’. दोन-चार जणांनी वर केलेले अंगठे पाठवले. बाकीच्यांनी मूळ फोटोच पुढं पाठवला. बाण काढलेला फोटो कुणी पुढं पाठवत नाही.

दोन दिवसांनी, रविवारी दुपारी, आमच्या गल्लीत एक चादरी विकणारा आला. खांद्यावर गाठोडं होतं आणि दाढीही होती. पहिल्या मजल्यावरची लहान मुलगी फाटकाशी खेळत होती, तिला त्यानं ‘घरात आई आहे का?’ असं विचारलं. धंदेवाईक माणूस विचारतो तसंच. कुणीतरी गच्चीवरून ओरडलं. मी खिडकीतून बघितलं तेव्हा त्याच्याभोवती माणसं जमली होती. आमच्या सोसायटीतली निम्मी, बाकीची मी कधी न बघितलेली. गाठोडं सोडून चादरी रस्त्यावर पसरल्या होत्या. कुणीतरी त्याची कॉलर धरली होती. तेवढ्यात माझ्या फोनवर त्याचा फोटो आला. आमचे सेक्रेटरी मोहिते यांनी टाकला होता, खाली एकच शब्द, ‘सापडला’.

मी पोलिसांना फोन लावत जिना उतरले. तळमजल्यावरून काका बाहेर पडत होते, अंगात बनियन, एका हातात टॅब, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची खुर्ची. मागून काकू ‘आवं, सदरा तरी घाला’ म्हणत होत्या.

काका गर्दीत शिरले. खुर्ची मध्ये ठेवली.

‘‘बसा,’’ ते त्या माणसाला म्हणाले.

मोहिते पुढं झाले. ‘‘काका, तुम्ही बाजूला व्हा. हा तोच आहे.’’

‘‘तोच हाय?’’

‘‘दिसत नाही का? तुम्हीच सांगा ना मग. तुम्ही शिक्का मारता ना? मारा खरा, नाहीतर खोटा. काय ते एकदा मिटवा.’’

सगळे काकांकडं बघायला लागले. ‘मारा काका, मारा,’ असं मागून दोन-तीन आवाज आले. त्यांतले काही चिडवणारे होते, काहींना खरोखरच सुटका हवी होती. मी काकांच्या अगदी जवळ पोचले होते. हळूच म्हटलं, ‘‘काका, ओळखतो म्हणा. जातील सगळे.’’

काका त्या माणसाकडं बघत होते. मग मोठ्यानं म्हणाले, ‘‘मी ह्यास्नी वळखत न्हाई.’’

गर्दी एक पाऊल पुढं सरकली. चादरीवाल्यानं डोळे मिटून घेतले.

‘‘वळखत न्हाई, म्हणून इचारणार हाय. इचारून हुईपतुर ह्यो मानूस माजा पावना हाय. इंदू, आनि एक खुर्ची दे.’’

काकूंनी दिली. काका त्याच्या खुर्चीला खुर्ची लावून बसले, गुडघ्याला गुडघा लागेल असे. टॅब माझ्याकडं दिला. ‘‘अनघा, फोटो काढ. दोघं बी आलो पायजे.’’ पहिला फोटो हलला. दुसरा बरा आला. त्यांनी टॅब परत घेतला आणि तिथंच, तेवढ्या माणसांच्या वेढ्यात, बोटानं लिहायला लागले. हा वेडेपणा बघायला लोक जरा थांबले असावेत. कॉलर धरणाऱ्यानं हात काढला होता. ग्रुपवर फोटो आला तसे सगळ्यांचे फोन खिशाखिशात वाजले आणि सगळ्यांनी खाली माना घातल्या. चादरीवाल्याकडं जाणारा बाण होता, ‘पाहुणा’. काकांच्या स्वतःच्या पोटाकडं जाणारा बाण, ‘मी, दत्ता साळुंखे, तळमजला’. आणि खाली, ‘ह्यांना हात लावायचा तर आधी मला लावा.’

मोहित्यांनी वाचलं. फोन खिशात घातला. बाहेरच्या पोरांतलं एक जण म्हणालं, ‘‘म्हातारा येडा हाय रं.’’ पण ते मागं सरकून म्हणालं.

मग काका विचारायला लागले, सावकाश, इस्पितळात नाव-वय विचारावं तसं. त्याचं नाव नरसय्या. सोलापूरचा. घरी तेलुगू बोलतात. भाऊ मागावर चादरी विणतो, हा विकतो. उन्हाळ्यात का, तर लग्नसराई असते, आहेराला चादरी जातात. भावाचा नंबर पाठ होता. काकांनी स्वतःच्या फोनवरून लावला, समोर चेहरा दिसेल असा. भाऊ मागाशेजारीच उभा होता. मागाचा खडखडाट इतका की त्याला ओरडून बोलावं लागत होतं. नरसय्याला बघून त्यानं विचारलं, ‘‘जेवलास का?’’ तेव्हा नरसय्या रडायला लागला.

पोलीस आले तोवर गर्दी निम्मी झाली होती. बाहेरून आलेली पोरं आधी गेली. ज्यांना काही काम नव्हतं ते रस्त्यावरच्या चादरी झटकून घड्या घालत होते, त्यांत मोहितेही होते. काकांनी शेवटी त्या फोटोवर ‘खरा’ मारला आणि पाठवला. पोलीस नाव-गाव लिहून घेऊन गेल्यावर त्यांनी नरसय्याला आत नेलं. काकूंनी भाकरी आणि झुणका वाढला. तो जेवेपर्यंत काका दारात उंबऱ्यावर बसून होते.

संध्याकाळी मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, ‘‘काका, एक शब्द खोटा बोलला असता तर काय बिघडलं असतं? ओळखतो म्हणायचं. मारलं असतं त्याला लोकांनी.’’

ते चष्मा पुसत राहिले.

‘‘त्यातल्या एकानं इचारलं असतं, वळखता तर नाव सांगा, मग? माझ्या तोंडातनं नाव निघालं न्हाई की संपलं, त्याचं बी आन माझं बी.’’ मग म्हणाले, ‘‘आन भ्यालो हुतो गं लय. बाण बगितला न्हाईस का? वाकडा आलाय.’’

मी फोटो उघडून बघितला. ‘मी’ लिहिलेला बाण खरंच वाकडा होता.

मोहिते त्यानंतर कितीतरी दिवस काकांशी बोलले नाहीत. मान खाली घालून जायचे. काकांनीही तो विषय कधी काढला नाही, ना ग्रुपवर, ना समोर. एकदा मात्र मोहित्यांच्या आईचा हात मोडला, तेव्हा तिचा एक्सरे घेऊन ते स्वतःच तळमजल्यावर आले. काकांनी तो खिडकीच्या उजेडाकडं धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, ‘‘हाड सरळ बसंल. म्हातारीला सांगा, भिऊ नको.’’ तिथून पुढं दोघांचं बोलणं सुरू झालं.

बदल आधी काकूंच्या ध्यानात आला, मग माझ्या. काकांचे गोल जिथं बसायला हवेत तिथं बसेनासे झाले. एका वाढदिवसाच्या फोटोत मुलाचं नाव केककडं जाणाऱ्या बाणावर लिहिलेलं होतं. ग्रुपवर हसऱ्या तोंडांची रांग लागली, सगळ्यांना वाटलं काका गंमत करताहेत. दुसऱ्या दिवशी ते तीन मजले चढून माझ्याकडं आले, धापा टाकत. आधी कधी वर आले नव्हते. टॅब माझ्यासमोर धरला. ‘‘खरं सांग. बाण कुठं लागलाय?’’

मी म्हटलं, ‘‘केकवर, काका. मुलगा बाजूला आहे.’’

‘‘किती बाजूला?’’

‘‘चांगलाच.’’

ते सोफ्यावर बसले. ‘‘मदोमद बघितलं की मदलंच दिसत न्हाई. कडेचं दिसतंय. तोंडाकडं बघितलं तर तोंड जातंय, कान दिसत्यात.’’ एवढं ते अगदी सरळ आवाजात, दुसऱ्या कुणाचं वर्णन करावं तसं बोलले. मी पाणी दिलं. ते घेऊन म्हणाले, ‘‘इंदूला सांगू नको अजून.’’ काकूंना दोन महिन्यांपासून माहीत होतं.

डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्याचा आजार सांगितला. इंजेक्शनं घेतली तर पुढं वाढायचा थांबेल, गेलेलं परत येणार नाही. काकांनी इंजेक्शनं घेतली आणि फोटोंवर लिहिणं त्याच दिवशी बंद केलं. ग्रुपवर त्यांचा शेवटचा निरोप बोलून पाठवलेला होता, लिहिलेला नाही. ‘‘दिसत न्हाई म्हणून थांबलोय. रागावून न्हाई. तुमचे तुमी बगत जावा.’’ त्याखाली सगळ्यात पहिलं उत्तर मोहित्यांचं होतं. त्यांनी नुसतं ‘काका’ एवढंच लिहिलं होतं.

पुढच्या वर्षी वैशालीनं दोघांना साताऱ्याला नेलं. सांगलीचं घर काकूंनी झाडून, पुसून, कुलूप लावून किल्ली मोहित्यांकडं ठेवली.

गेल्या दिवाळीनंतर मी माहेरी वाईला जाता जाता साताऱ्यात उतरले. वैशालीचं घर पहिल्या मजल्यावर, पुढं मोठी गॅलरी, समोर अजिंक्यतारा. काका-काकू गॅलरीत शेजारी शेजारी बसले होते आणि टॅब काकूंच्या मांडीवर होता. काकू फोटो बघून त्यांना सांगत होत्या. नातीच्या सहलीचे होते, पाचगणीचे.

‘‘पोरी उभ्या हायत. मागं दरी हाय.’’

‘‘ऊन कुठनं येतंय?’’

‘‘ऊन तुमच्या बाजूनं येतंय. गप ऐका की. आपली ठकी मदी हाय, दात काढून हसतीया. तिच्या शेजारी एक जाडगेली पोरगी हाय, तिनं ठकीची वेणी धरलीया.’’

‘‘खरं?’’

‘‘न्हाई. म्या जोडलं,’’ काकू म्हणाल्या आणि काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणायला उठले तर काकूंनी हातानंच थांबवलं आणि त्यांची पाठ चोळत राहिल्या.

चहा झाला, सांगलीच्या सगळ्यांची चौकशी झाली. गाडीची वेळ झाली म्हणून मी निघाले. काका जिन्यापर्यंत यायला निघाले, काकूंनी येऊ दिलं नाही. खाली रस्त्यावर येऊन मी वर बघितलं. दोघं कठड्याशी उभे होते. काका हात हलवत होते, पण समोरच्या दुकानाच्या दिशेनं, जिथं कुणीच नव्हतं. मी हाक मारणार होते. तेवढ्यात काकूंनी त्यांच्या खांद्याला धरून त्यांना हळूच माझ्याकडं वळवलं. काका क्षणभर थांबले, आणि मग पुन्हा पहिल्यापासून, तितक्याच जोरानं हात हलवायला लागले.